नातेवाइकांच्या ताब्यात

बन्सीधरशेठनी मनकर्णेच्या मांडीवरचं ब्लँकेट उचलून घेतलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भलत्याच ताटात वाढली गेलेली पोळी परत उचलताना माणूस ओशाळतो, तसे ते जरासे ओशाळले होते. "ही भूकंपातली नाही ना, बाई?" त्यांनी वळून विचारलं, आणि सत्यशीलाबाईंनी मान हलवली, नाही म्हणून. हलवून झाल्यावर त्यांना कळलं की आपण मान हलवली. मनकर्णा जागची उठलीसुद्धा नाही. "घ्या की शेठजी," ती म्हणाली, "तसंबी लय गरम न्हाई त्ये." आणि ती हसली. नको तिथं हसायची तिची जुनीच खोड होती. शेठजींनी ब्लँकेट झटकलं, त्याची पुन्हा घडी घातली आणि शेजारी बसलेल्या, तीन दिवसांपूर्वी जीपमधून आलेल्या लहान पोरीच्या खांद्यावर ठेवलं. त्या पोरीच्या खांद्यावर आधीच दोन होती. मानवतहून ब्लँकेटांचा ट्रक घेऊन शेठजी स्वतः आले होते, दोन दिवस नीट जेवले नव्हते, पोरींकडे बघून त्यांचे डोळे खरोखर भरून येत होते. त्यात खोटं काही नव्हतं. तेच सत्यशीलाबाईंना पुढं आठवत राहिलं. खोटं असतं तर बरं झालं असतं. कुणाचा तरी राग करता आला असता.

भूकंप परभणीत तसा झालाच नव्हता. गणपती बुडवून आलेली माणसं गाढ झोपेत होती, पहाटे फडताळातली भांडी वाजली, कुत्री भुंकली, एवढंच. लातूरकडची गावंच्या गावं गाडली गेल्याचं दिवस वर आल्यावर रेडिओवर कळलं. पण त्यानंतर कित्येक दिवस इथल्या प्रत्येकाला जमीन हलल्यासारखी वाटायची. बोलता बोलता माणसं मध्येच थांबायची, पायांकडं बघायची. सत्यशीलाबाई टेबलावर पाण्याचा पेला भरून ठेवत आणि लिहिता लिहिता पाण्याकडं नजर टाकत. पाणी स्थिर असे. जे हलत होतं ते त्यांच्याच बरगड्यांच्या खाली कुठंतरी होतं, आणि त्याला पेला लावून बघता येत नव्हतं. गावाबाहेरच्या रस्त्यावर पत्र्याच्या दोन लांब खोल्या, एक कोठी, एक न्हाणी आणि लिंबाचं झाड, असं ते आधारगृह. एक संस्था ते चालवायची. धंद्याला विकलेल्या, मग पोलिसांनी धाड घालून सोडवलेल्या मुली कोर्टाच्या हुकमानं इथं यायच्या. कोर्टाच्या कागदात त्यांना पीडित म्हणत, गावात 'तिकडून आलेल्या' म्हणत. बाई इथल्या अधीक्षिका. आठ वर्षं झाली होती त्यांना, आणि आठ वर्षांत या फाटकाशी कुणी मेथीची जुडीसुद्धा आणून ठेवली नव्हती. आता भूकंपात पोरक्या झालेल्या मुली इथं आणून ठेवल्या होत्या आणि रोज टेम्पो येत होते. कपड्यांची गाठोडी, बिस्किटांचे डबे, शाळेची दप्तरं, नव्या कापडाचा खळीचा वास सगळ्या आवारात भरून राहिला होता. येणारा प्रत्येक माणूस दारातच विचारायचा, "ह्यातल्या भूकंपातल्या कोणत्या?" ब्लँकेटाच्या त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवसापासून बाईंनीच मग पाहुणे यायच्या वेळेला 'तिकडून आलेल्यांना' कोठीत बसवायला सुरुवात केली. घोटाळा नको म्हणून. स्वयंपाक करणाऱ्या तानुबाईनं न सांगताच ताटं वेगळी केली. मुली कोठीत धान्याच्या पोत्यांवर मुकाट बसून राहिल्या. त्यांना अशा बसण्याची सवय होती, हे बाईंच्या मनात आलं, आणि ते मनात आल्याची त्यांना शिसारी आली, आणि तरी त्या कोठीचं दार ओढून घेत राहिल्या.

मनकर्णा दोन वर्षांपूर्वी आली तेव्हा पंधरा वर्षांची होती. "मला पाच नावं हुती," तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आपल्याला पाच काकणं होती असं सांगावं तसं. "मनकर्णा म्हणून हाक मारली की वळायला अजून येळ लागतो मला. रागावू नका." रागावली की ती तिकडंच शिकलेल्या दखनीत बोलायची, गोड बोलायची ते मराठीत, त्यामुळं बाईंना तिच्या मराठीची जास्त भीती वाटायची. शिवणयंत्रावर तिचा हात बसला होता. तिला अक्षर आलं तेव्हा तिनं जेवायच्या सगळ्या ताटल्यांच्या मागं खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलं, सगळ्यांच्याच ताटल्यांवर, आणि बाई रागावल्या तर म्हणाली, "कोनीबी जेवलं तरी खाली मीच." आणि एकदा, दोघी ओट्यावर मेथी निवडत बसल्या असताना, देठ मोडता मोडता ती म्हणाली होती, "कागदावर 'अनोळखी इसमानं फूस लावून नेली' असं लिवलंय न्हं म्याडम? त्यो अनोळखी न्हाई. माझा सख्खा मामा हाय. लिंबाजीमामा. ठेसनावर त्यानंच मला पेरू घिऊन दिला, आन् म्हणला, काई दिसांचंच हाय." बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "लिवू नका," मनकर्णा म्हणाली, "बाप मेल्यापासून माय त्याच्याच घरात राहती. धाकटी बहीन बी हाय. लिवलं की दोघींना भाईर काढील. तुमाला म्हणून सांगितलं." बाईंनी वचन दिलं. त्या संध्याकाळी घरी जाताना त्यांना हलकं वाटलं होतं, एवढं कुणी आपल्यावर टाकलं म्हणून. तो हलकेपणा आता आठवला की त्यांना तोंड लपवावंसं वाटे. पोरीनं तिच्या छातीवरचा दगड काढून दिला होता आणि आपण तो दागिन्यासारखा घालून मिरवला, मनातल्या मनात, दोन वर्षं.

ब्लँकेटांच्या दुसऱ्या दिवशी संस्थेचे सचिव माणिकराव आले. वकिली सोडून समाजकार्यात पडलेले, मऊ आवाजाचे, कधी कुणावर न ओरडणारे. त्यांच्या हातात मुलींची यादी होती आणि यादीत सात नावांपुढं तांबड्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. "चार दिवसांनी आणखी सोळा मुली येताहेत, बाई. जागा करावी लागेल. ज्यांना कुणी आहे त्यांना महिना-दोन महिने नातेवाइकांच्या ताब्यात देऊ. कोर्टाची परवानगी मागाहून घेता येईल. वेळच तशी आहे." खुणांमधलं चौथं नाव मनकर्णेचं होतं. "मनकर्णेला नको," बाई म्हणाल्या. "का?" "तिचा मामा बरा माणूस नाही." "पितो का?" "पीत नाही." "मग?" बाई नखानं टेबलाची कड खरवडत राहिल्या. "तिचं तिथं बरं होणार नाही," त्या म्हणाल्या. माणिकरावांनी चष्मा काढला. "बाई, ज्यांचे आईबाप दगडमातीखाली गेले त्या पोरींना मी रस्त्यावर झोपवू का? हिला आई आहे, मामा आहे, घर उभं आहे. तुमच्याजवळ काही ठोस असेल तर लिहून द्या. आत्ता द्या, मी नाव खोडतो." त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला, वर स्वतःचं पेन ठेवलं. ते खरंच थांबले होते. ते खरंच नाव खोडणार होते. कागद टेबलावर होता आणि पंखा बंद होता तरी त्याचा एक कोपरा जरा उचललेला दिसत होता. लिहिलं तर पहिला प्रश्न येणार, कधीपासून माहीत होतं? दोन वर्षांपासून. कोर्टाला का सांगितलं नाही? आणि मग पुढचं सगळं: खुलासा, चौकशी, आठ वर्षं हंगामी म्हणून काढल्यावर येत्या मार्चात कायम व्हायची जी आशा होती ती. आणि त्या सगळ्याच्या वर, सोयीला अगदी अलगद येऊन बसल्यासारखं, पोरीला दिलेलं वचन. वचन मोडायचं कसं? माणसाला वचन किती कामाला येतं, असं बाईंच्या मनात आलं. "ठोस असं काही नाही," त्या म्हणाल्या. माणिकरावांनी पेनाला टोपण लावलं.

रात्री त्यांना जेवण गेलं नाही. ताटासमोर बसून त्यांना पंधरा वर्षांमागचा शाळेतला फळा दिसत राहिला. तेव्हा सत्यशीला सतरा वर्षांची होती, म्हणजे आता मनकर्णा आहे तेवढीच. दुधनेच्या काठचं त्यांचं गाव. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि आठवड्याच्या आत त्यांच्या वस्तीतली घरं पेटली. जाळ तिला फारसा आठवत नाही. आठवतो तो कणगीतल्या जवारीचा वास, जळताना आधी तो खमंग येतो, भूक लागते, आणि मग घसा धरतो. तालुक्याच्या एका शाळेत त्यांना ठेवलं होतं. फळ्यावर कुणाचं तरी भागाकाराचं गणित अर्धवट राहिलेलं होतं, अकरा दिवस ती ते गणित मनात सोडवत बसली. बाराव्या दिवशी शाळा भरवायची होती. यादी घेऊन एक साहेब आले, चांगले होते, लहान लेकरांना त्यांनी गोळ्या वाटल्या. "परिस्थिती निवळली आहे," ते म्हणाले, "आता आपापल्या गावी." ट्रकमधून सगळ्यांना गावाच्या वेशीशी उतरवलं आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाची सही घेतली: इतकी कुटुंबं, इतकी माणसं, ताब्यात मिळाली. सही करणाऱ्याचा आवाज सत्यशीलेला माहीत होता. "ह्या घराला मागच्या अंगानं लावा," असं जाळपोळीच्या संध्याकाळी तोच आवाज म्हणाला होता. आणि तिचे वडील, मुंजाजी, ज्यांनी कधी कुणापुढं मान वाकवली नव्हती, त्यांनी त्या माणसाला हात जोडले, कारण उद्यापासून त्याच गावात राहायचं होतं. सत्यशीलेला त्या माणसाचा राग आला नाही. तिला राग आला तो ट्रकच्या पुढच्या भागात बसून घड्याळ बघणाऱ्या साहेबांचा. त्यांनी विचारलंही नव्हतं. एका शब्दानं विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. त्या रागावर ती शिकली, नोकरीला लागली, त्या रागावर तिनं आठ वर्षं या मुलींची अंथरुणं घातली. त्या साहेबांचीही कुणी घरी वाट बघत असेल, त्यांचीही मार्चात कसली आशा असेल, हे तिला तेव्हा सुचलं नव्हतं. आता सुचलं. आणि तिनं तर न विचारताच सगळं जाणलं होतं, एवढा फरक.

लिंबाजी चौथ्या दिवशी सकाळी आला. बाईंनी त्याचं रूप मनात कितीदा रंगवलं होतं. त्यातलं एकही जुळलं नाही. धुतलेलं धोतर, टोपी, हाताला शेतातल्या कामाचे घट्टे, बोलताना जमिनीकडं नजर. पोखर्णीच्या पलीकडचं त्याचं गाव. सरपंचाचा दाखला त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घालून आणला होता, आणि खांद्यावर जवारीचं अर्धं पोतं. "भूकंपाच्या लेकरांसाठी," तो म्हणाला. "गरिबाचं जमंल तेवढं." माणिकरावांनी स्वतः उठून ते पोतं उतरवून घेतलं, त्याला चहा दिला, पोचपावती दिली. लिंबाजीनं पावती डोक्याला लावून खिशात ठेवली. "लय उपकार केले तुमी. पोरीला वळण लावलं," तो बाईंना म्हणाला. "आता फिकीर करू नका. मी हाय." बाईंनी ताबा देण्याची वही उघडली. नाव, वय, ताब्यात घेणाऱ्याचं नाव, नातं, अंगठा किंवा सही. लिंबाजीला सही येत होती. त्यानं ती सावकाश, वेलांट्या नीट वळवत केली. खाली अधीक्षिकेच्या सहीची जागा होती.

मनकर्णेला बोलवायला बाई स्वतः कोठीत गेल्या. ती आधीच गाठोडं बांधून बसली होती. दाराच्या फटीतून तिनं बघितलं असावं. कोठीत अंधार होता, पोत्यांचा आंबूस वास होता, आणि बाकीच्या सहाजणी तिच्यापासून थोड्या सरकून बसल्या होत्या, जशा माणसं आजाऱ्यापासून सरकतात. "तुमी सांगितलं न्हाई त्यांना," मनकर्णा म्हणाली. ते विचारणं नव्हतं. "तूच म्हणाली होतीस ना, सांगू नका," बाई म्हणाल्या. मनकर्णेनं त्यांच्याकडं बघितलं आणि ती गोड मराठीत म्हणाली, "व्हय. म्याच म्हणले हुते." बाईंना वाटलं, तिनं ओरडावं, दारं धरावी, सगळ्यांसमोर बोंब मारावी, म्हणजे माणिकराव धावत येतील आणि आपोआप सगळं होईल, आपल्याला काही करावं लागणार नाही. पण ती ओरडली नाही. तिनं गाठोडं काखेत मारलं. "थोड्या दिवसांचंच आहे गं," बाईंच्या तोंडून निघालं, "इथलं निवळलं की मी स्वतः येते तुला न्यायला." दारातून बाहेर पडता पडता मनकर्णा थांबली. "मामा बी हेच म्हणला हुता तवा," ती म्हणाली. "फकस्त त्यानं पेरू दिला हुता." मग ती उन्हात गेली. लिंबाजीनं तिच्या काखेतलं गाठोडं मायेनं घेतलं, स्वतःच्या खांद्यावर टाकलं, आणि दोघं फाटकातून बाहेर पडली. तो पुढं, ती चार पावलं मागं, कुठलीही मामा-भाची रस्त्यानं जातात तशी. बाईंनी आत येऊन वहीत शेवटच्या ओळीवर सही केली. शेरा: नातेवाइकांच्या ताब्यात दिले. त्याच दुपारी सोळा मुली आल्या. मनकर्णेच्या जागेवर आठ वर्षांची एक मुलगी झोपली. ती झोपेत दात खायची, आणि तिला जवळ घेऊन बसताना बाईंच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते त्या मुलीसाठी होतं, नक्की त्या मुलीसाठीच होतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

मनकर्णा गेल्याच्या सोळाव्या दिवशी बाई रजा टाकून निघाल्या. पोखर्णीपर्यंत एसटी, पुढं दीड कोस पायी. काळ्या रानात दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणी चालू होती. नृसिंहाच्या देवळाकडून परतणारी एक बैलगाडी भेटली, तिनं थोडं अंतर नेलं. चालताना त्या मनात वाक्यं जुळवत होत्या: संस्थेच्या वतीनं चौकशीला आले, मुलगी कशी आहे, काही अडचण. मनकर्णा दारात भांडी घासत बसलेली असेल, आपल्याला बघून हसेल, हे चित्र त्यांनी इतक्यांदा आणलं की शेवटी शेवटी त्यांना ते खरंच वाटायला लागलं. घराला कडी होती. शेजारणीनं रानाकडं हात केला. कुसुमबाई, मनकर्णेची आई, वेचणीच्या पाचसहा बायकांच्या ओळीत होती. पोटाशी बांधलेल्या ओच्यात कापूस भरलेला, त्यामुळं दिवस गेलेल्या बाईसारखी दिसत होती. बाईंनी नाव सांगितलं. कुसुमबाई ओळीतून बाहेर आली, बांधावर बसली, आणि बसता बसताच म्हणाली, "लौकर आलाव."

"मनकर्णा कुठंय?"

"न्हाई. आठ दिस हुती. नवव्या दिशी नेली भावानं."

"कुठं?"

"कामाला म्हणला."

"कसल्या कामाला, कुसुमबाई?"

कुसुमबाईनं बोटाला टोचलेलं बोंडाचं टरफल दातानं काढलं, थुंकलं. "तुमाला म्हाईत हाय कसल्या. ती म्हणली मला, म्याडमला समदं सांगितलंय. तरीबी दिलीव तुमी."

"वरून हुकूम होता," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःचाच आवाज ट्रकमधून आल्यासारखा वाटला. "नवीन मुली येणार होत्या. जागा नव्हती."

"आसंल की. हुकूम आसंल." तिच्या बोलण्यात धार नव्हती. "मी काय बोलू तुमाला? म्याबी गपच बसले. पयल्या बारीला बी, आन् आता बी. तुमी आन् मी एकच." तिनं ओच्यातला कापूस जरा दाबला. "जायच्या आधी धाकटीची येणी घातली तिनं. घातली, सोडली, परत घातली. तीन बाऱ्या. भाऊ वरडला तवा उठली."

ऊन डोक्यावर आलं होतं. बाईंना तहान लागली होती आणि पाणी मागायची लाज वाटत होती. "मी पोलिसात जाते," त्या म्हणाल्या, "आजच जाते. तक्रार देते. मी लिहून देते सगळं." म्हणताना त्यांना हायसं वाटलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. कुसुमबाईनं त्यांच्याकडं एखाद्या लहान लेकराकडं बघावं तसं बघितलं. "जावा. मंग पोलीस इथं येतील. भावाला नेतील. चार दिसात त्यो सुटून येईल. आन् मंग?" तिनं मान वळवून हाक मारली, "रुख्मेऽ", आणि कापसाच्या झाडांतून अकरा-बारा वर्षांची एक पोरगी वर आली. मनकर्णेचाच चेहरा, फक्त अजून कुणी वापरला नव्हता. "त्यो दिवाळीच्या आत येतो म्हणलाय," कुसुमबाई म्हणाली. "गेल्या उन्हाळ्यातच बोलला हुता, हिचंबी बघू म्हणून. हिला घिऊन जावा बाई. आज. आता. त्यो यायच्या आत."

"तिथं आता भूकंपातल्याच मुली घेताहेत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आई असलेली मुलगी मला ठेवता यायची नाही. आमच्याच सात परत पाठवल्या आम्ही."

मुकादमानं लांबून कुसुमबाईला हाक मारली, तिनं हात वर करून आले म्हणून खूण केली. मग ती म्हणाली, "मंग मला मेली म्हणून लिवा."

"काय?"

"भिताडाखाली मेली म्हणा. कुठलंबी गाव लिवा. हजारोनी मेलेत म्हणं तिकडं, त्यात एक जास्तीची. कोन मोजायलंय?" आणि बाई काही बोलायच्या आत तिनं पोरीला पुढं ढकललं. "जा ह्या बाईसंगं. त्या सांगतील तसं बोलायचं. माय हाय म्हणायचं न्हाई." पोरीनं रडायला तोंड वाकडं केलं. कुसुमबाईनं तिला जवळ घेतलं नाही. ती उठली, लुगड्याला चिकटलेलं कापसाचं पुंजकं झटकलं, आणि ओळीत जाऊन वाकली. बांधावरून निघताना पोरीनं मागं वळून बघितलं तेव्हा सगळ्या बायका वाकलेल्या होत्या, सगळ्यांच्या पाठी सारख्याच होत्या. "माय कोनती?" तिनं विचारलं. बाईंनी बघितलं. त्यांनाही सांगता आलं नाही.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. पोरगी आधी मागं वळून बघत होती, मग पळणाऱ्या बाभळी बघण्यात रमली. बाई हिशोब जुळवत होत्या. पोरी जीपांमधून येत होत्या, कागद कुणाकडंच नव्हते, एक वाढली तर माणिकराव विचारणार नव्हते. विचारलं तर त्यांना आनंदच झाला असता, आणखी एकीला आसरा दिला म्हणून. गाव कोणतं लिहायचं तेही त्यांनी ठरवलं: सरकारी यादीत ज्या गावापुढं कुणीच उरलं नाही असा शेरा होता, ते. तिथून कुणी ओळख पटवायला येणार नव्हतं. हे सगळं जमत होतं. जमत नव्हतं ते एकच. मनकर्णेची तक्रार द्यायची तर तिच्या गावाचं नाव द्यावं लागणार, आईचं नाव द्यावं लागणार, पोलीस त्या घरी जाणार, आणि तिथं जी बाई वहीत मेलेली आहे ती जिवंत सापडणार. मग धाकटी परत मामाच्या दारात. एकीला शोधायचं तर दुसरी जायची, दुसरीला लपवायचं तर पहिलीचं नाव पुन्हा कधी तोंडातून काढायचं नाही. कुसुमबाईला हे बांधावर बसल्या बसल्या कळलं होतं. तिनं निवड करून टाकली होती आणि परत कापूस वेचायला गेली होती. गाडी नदीच्या पुलावर आली, खाली पाणी थोडंच होतं, आणि तिथं बाईंना आणखी एक गोष्ट कळली: की तक्रार द्यायची नाही म्हणजे खुलासाही नाही, चौकशीही नाही, दोन वर्षं काय माहीत होतं हे कुणी विचारणार नाही. आपण एका लेकराला वाचवतोय हे खरं होतं, आणि त्या लेकराच्या आडून आपणही सुटतोय हेही तितकंच खरं होतं, आणि ही दोन सत्यं एकमेकांपासून सोडवून बघायची त्यांची छाती होत नव्हती. पूल संपला.

"इकडं बघ," त्या पोरीला म्हणाल्या. "तुला तिथं विचारतील. नाव काय?"

"रुख्मिणी."

"गाव?"

बाईंनी सांगितलेलं गाव तिनं दोनदा चुकीचं म्हटलं, तिसऱ्यांदा बरोबर.

"आई कुठंय?"

"माय... माय भिताडाखाली मेली."

"वडील?"

"बाप तर आदीच मेलाय." हे तिला खोटं बोलावं लागलं नाही, त्यामुळं जरा धीर आला. मग तिनं स्वतःच विचारलं, "आन् मामा?"

"मामा आहे असं म्हणायचंच नाही."

"मेला म्हणू?" पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. "मामाबी मेला म्हणते. भिताडाखालीच. डोक्यात धोंडा पडला त्याच्या. लय मोठा." ती खिडकीला टेकून ते बघत राहिली असावी, धोंडा, डोकं, कारण तिचे पाय बाकाखाली हलायला लागले होते.

गाडी एका फाट्यावर थांबली. पोती घेतलेली दोन माणसं चढली, कंडक्टर त्यांच्यावर खेकसला, घंटी वाजली, गाडी पुन्हा निघाली.

"आन् आक्का?" पोरीनं विचारलं. "आक्का हाय म्हणू? का मेली म्हणू?"

सत्यशीलाबाई समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत होत्या. तिथं कुणीतरी खिळ्यानं काहीबाही खरडलं होतं, ते त्या वाचत राहिल्या. अक्षरं कळत होती, शब्द लागत नव्हते. पोरगी वाट बघत होती. तिला नुसतं नीट पाठ करायचं होतं.

"मेली म्हण," बाई म्हणाल्या.

"कशी?"

"सगळ्यांसारखीच."

पोरगी थोडा वेळ ओठातल्या ओठात पुटपुटली. मग ताठ बसली आणि शाळेत उभं राहून म्हणावं तसं, मोठ्यानं, एका दमात म्हणाली, "माय मेली, बाप मेला, मामा मेला, आक्का मेली." पुढच्या बाकावरच्या म्हातारीनं वळून बघितलं, चकचक केलं आणि तोंडाला पदर लावला.

"बराबर आलं का?" पोरीनं बाईंना हळूच विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. "बरोबर आलं."